मनाच्या पायऱ्या

केशवशास्त्र्यांनी आपल्या बागेला पाणी पुरावं म्हणून कोष्टी आळीची विहीर लोकांना बंद केली, तेव्हा गिरजा कोष्टीण थेट राजाच्या दरबारात गेली.

तिची तक्रार ऐकून दरबारात बसलेले केशवशास्त्री हसले. "महाराज, माणसाच्या मनाच्या सहा पायऱ्या असतात. ही दुसरीवर आहे. हिची साक्ष कशी धरायची?"

"पायऱ्या नऊ असतात," त्यांचे वैरी त्र्यंबकशास्त्री म्हणाले. "पण ही तिसरीवरच आहे."

गिरजेला राग आला, पण तिने तो गिळला. "आणि आपण दोघं?"

"सर्वांत वर," दोघंही म्हणाले.

"मग एकमेकांना कुठं बसवता?"

"तळाला," दोघंही एकदमच म्हणाले.

गिरजा राजाकडे वळली. "महाराज, मी दोन्ही पंडितांचं खरं मानते. दोघं तळाला आहेत, मी दोघांच्या वर. आता साक्ष कुणाची धरता?"

विहीर त्याच दिवशी उघडली. पहिली घागर केशवशास्त्र्यांनाच ओढावी लागली.