ओल्या मुठीचा न्याय

एका राज्यात वैशाखाची दुपार होती. झाडाचं पान हलत नव्हतं. कावळे चोची उघड्या टाकून वळचणीला बसले होते. वाटेवरची धूळ तापून पांढरी पडली होती, आणि घोड्यापासून हमालापर्यंत ज्याला त्याला घाम फुटला होता. पण राजाला त्या दिवशी घाम दिसला तो एकाच माणसाचा. त्याचं नाव सुभान पटवेकरी. मोती-मणी रेशमात ओवून दागिने गुंफायचे, हा त्याचा धंदा.

राणीच्या कंठ्यातला मधला मोती नाहीसा झाला होता. कंठा सुभानानं ओवलेला, म्हणून सुभानाला धरून आणलं.

त्या राज्यात न्यायाची रीत अशी होती, बरं का, की आरोप आला त्यानं उजव्या मुठीत नाचणीचं पीठ धरायचं. घटका भरली की मूठ उघडायची. पीठ कोरडं तर माणूस साव, पीठ भिजलं तर चोर, आणि चोराचा हात मनगटापासून तोडायचा. पाप्यालाच घाम फुटतो, असं उग्रभान राजाच्या आज्यानं ठरवलं होतं. आज्यानं ठरवलेलं पुन्हा तपासायचं नाही, असं बापानं ठरवलं होतं. उग्रभान वाळ्याच्या पडद्याआड गारव्यात बसून ते पाळत होता.

सुभानानं मूठ उघडली. आत पिठाचा गोळा झाला होता. भाकरी थापता आली असती.

"चोर," राजा म्हणाला.

"महाराज, माझे हात लहानपणापासून असेच आहेत."

"चोर असंच म्हणतात."

दरबार हसला. तेवढ्यात गर्दीतून ठकूबाई पुढे आली. ही कल्हईवाल्याची विधवा, सुभानाची शेजारीण. सुभान सकाळी विस्तव मागायला तिच्या दाराची कडी वाजवी, कडी ओली होई, लोखंड गंजे. त्यावरून ती त्याला वर्षानुवर्षं बोलत आली होती, आणि तोही बिचारा पंचानं कडी पुसून मगच जाई.

"अहो महाराज," ती म्हणाली, "ह्याची ओली मूठ मी हा एवढासा होता तेव्हापासून बघते. माझी कडी खाल्ली मेल्यानं. तेव्हा काय राणीसाहेबांचा मोती होता माझ्या कडीला?"

"बाई, तोंड सांभाळ."

"सांभाळते की. दुसरी मूठ मागते. जामीन माझा हात."

तशीही रीत होती. वस्तीतल्या कोणी आपला हात जामीन ठेवला, तर आरोपीला पौर्णिमेला पुन्हा पीठ धरता येई. तो परतला नाही किंवा पीठ पुन्हा भिजलं, तर हात दोघांचे जात. राजानं मान हलवली. शिपायांनी ठकूबाईला कोठडीकडे नेलं. जाता जाता ती म्हणाली, "सुभान्या, वेळेवर ये. एका हातानं भांडी घासता येत नाहीत मला."

वाड्याबाहेर वधाचा वड होता. त्यावर पाच पिसांच्या शेपटीचे पक्षी बसलेले असत. लोक मान वर करून बघत नसत, कारण ते पक्षी कोण हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्या राज्यावर शापच होता तसा. निरपराधाचा हात तुटला की त्याचा पक्षी होई.

सुभान वडाखाली बसला तसा एक पक्षी खालच्या फांदीवर आला.

"घाम कुठे येतो?" त्यानं विचारलं.

"दोन्ही तळहातांना. तळपायांनाही."

"घरात आणखी कोणाला?"

"बापाला होता. आत्याला आहे."

"आणि निजलास की?"

सुभानानं आठवून पाहिलं. "निजेत हात कोरडे असतात. आई सांगायची."

"मग हा रोग नव्हे, घडण आहे तुझी. डोक्याकडून घामाला निरोप जातो तो वाजवीपेक्षा मोठ्यानं जातो. कोणी हाताकडे टक लावून बघितलं की आणखी मोठ्यानं." पक्षी जरा थांबला. "मी लोहाराच्या सुनेचा हात. तिचा घाम निराळा होता. चांगली बाई, एकाएकी सगळ्या अंगाला घाम. निजेत अंथरूण भिजायचं. पोटभर खाऊन वाळत चालली होती. काळीज धडधडायचं, गळ्याशी गाठ आली होती. तिला वैद्य हवा होता. राजानं तलवार दिली."

मग वरचे पक्षी बोलू लागले.

"मी भाटाचा हात. गुडघ्यासाठी नवी गोळी सुरू केली आणि घाम सुरू झाला. गोळी बदलायची होती, एवढंच."

"मी माळिणीचा. तिची पाळी जायचं वय होतं. अंगातून वाफा निघायच्या."

"मी तरण्या शिपायाचा. तो नुसता भ्याला होता हो!"

"तुमच्यात चोर कोणीच नव्हता?" सुभानानं विचारलं.

"चोर एकदा आला होता दरबारात," लोहाराच्या सुनेचा हात म्हणाला. "त्याचं पीठ कोरडं निघालं. राजानं त्याला कोठारावर नेमलं."

सुभान मऊ माणूस. हातातून मणी सुटला तर मण्याचीच माफी मागणारा. अशा माणसाला राग उशिरा येतो. पण त्या वडाखाली तो आला, आणि त्याच्या पोटात बूड टेकून बसला.

"हात कोरडा करायचा उपाय आहे?"

"आहेत. एक नाही, तीन जागी आहेत. चल, वाट दाखवतो."

पहिली जागा तुरटीचा डोंगर. तिथे एक राक्षसीण माळ तुटली म्हणून रडत बसली होती. सुभानानं तिच्या माळेतले धोंडे सुतळीत ओवून दिले. तिनं डोंगराचा कपचा मोडून दिला. "रात्री हात कोरडे करून हिचं पाणी चोळायचं, सकाळी धुवायचं. पहिल्यांदा हीच करून बघतात सगळे. स्वस्त आणि साधी." सुभानानं वाटेनं ते केलं. हात थोडे सुकले, पण कातडी चुरचुरली, आणि भरउन्हात घाम पुन्हा आलाच.

दुसरी जागा वीजमाशांचं तळं. राखणीला बगळा होता, त्याच्या पायांत शेवाळाचा गुंता. सुभानानं तासभर बसून गुंता सोडवला. मग बगळ्यानं त्याला उथळ पाण्यात हात धरायला लावले. मासे जवळ आले, बोटांत मुंग्या मुंग्या झाल्या. "रोज थोडा वेळ," बगळा म्हणाला. "सोडलंस की घाम परत." काही दिवस सुभान तिथे राहिला. एका सकाळी त्यानं रेशमाचा धागा हातात घेतला, तर धागा कोरडा. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते घामाचं नव्हे, हे पक्ष्यालाही कळलं.

"बस की इथेच," पक्षी म्हणाला. "का तिसरी जागा बघायची?"

"बघायची. मला खात्री हवी. ठकूबाईचा हात जामीन आहे."

तिसरी जागा जादूगाराची गुहा. जादूगारानं आपल्या रिळाचा गुंता पुढे टाकला. सुभानानं तोही सोडवला. जादूगार म्हणाला, "माझ्यापाशी दोन गोष्टी आहेत. ह्या बारीक सुया तळहातभर टोचतो. दुखतं. सहाएक महिने हात कोरडे राहतात, मग पुन्हा टोचायच्या. नाहीतर काखेतून आत शिरून छातीतला एक दोरा तोडतो. हात जन्मभर कोरडे."

"आणि घाम?"

"घाम दुसरी वाट धरतो. पाठ, पोट, मांड्या भिजायला लागतात. तोडलेला दोरा मला परत जोडता येत नाही."

"तरी लोक तोडून घेतात?"

"ज्यांचं काहीच चालेनासं होतं ते घेतात. काही सुखी होतात, काही मला शिव्या देतात. तू कोणासाठी घेतोस?"

सुभानानं आपले तळहात उलटेपालटे करून पाहिले. मग तो म्हणाला, "रेशीम भिजतं, मोती निसटतो, हे माझं दुःख. त्याला मासे पुरतात. छाती कापायची ती राजाच्या पिठासाठी कापायची. मी का कापू? कापायचं तर त्या पिठाचं नाव कापा!"

जादूगार हसला नाही. त्यानं एक मडकं काढून दिलं. "मासे यातून ने. जगतील."

पौर्णिमेला दरबार भरला. बाहेर तसंच ऊन, आत तसाच वाळा. ठकूबाई दोरीनं बांधलेली उभी होती, आणि तलवारवाला तिच्या मनगटाकडे न बघता उभा होता. सुभानानं पीठ धरलं. घटका भरली. त्यानं मूठ उघडली, आणि पीठ वाऱ्यावर उडालं.

"साव," राजा म्हणाला. "सोडा त्याला. म्हातारीलाही सोडा."

लोक जायला वळले. सुभान हलला नाही.

"महाराज, मोती सापडला का?"

"नाही."

"मग मागे मी चोर होतो आणि आज साव झालो, ते कशानं? मोती तर मी आणून दिला नाही. हात तोच, माणूस तोच. मधे फक्त मासे आले!" त्यानं मडकं दरबारात आपटून ठेवलं. पाणी फरशीवर उडालं. "ह्या वडावर एका आजारी बाईचा हात बसलाय. एका भित्र्या पोराचा बसलाय. एका म्हाताऱ्या भाटाचा बसलाय, त्याची गोळी चुकली होती. तुम्ही त्यांना एक प्रश्न विचारला नाहीत. निजेत घाम येतो का, एवढंसुद्धा विचारलं नाहीत! धरा. तुम्ही धरा पीठ."

तलवार अर्धी उपसली गेली. पण सगळा दरबार राजाकडे बघत होता, आणि पडद्यांवर पाणी मारणारे सेवक पाणी मारायचं विसरले होते. उग्रभानानं ताठ हातानं पीठ घेतलं. वाळा सुकला. गरम झळ आत आली. शेकडो डोळे त्या एका मुठीवर होते. घटका भरली.

राजानं मूठ उघडली. पीठ बोटांना चिकटलं होतं.

"मी चोर नाही," राजा म्हणाला.

"चोर असंच म्हणतात," सुभान म्हणाला.

कोणी हसलं नाही. राजानं आपल्या चिकट तळहाताकडे पाहिलं. मग तो उठला, पिठाचं पातेलं त्यानं स्वतः उचललं आणि दाराबाहेर उन्हात उपडं केलं. त्याबरोबर वडावरचे सगळे पक्षी उडाले. गावात लोहाराची सून चुलीपुढे बसली होती. तिच्या मनगटावर पक्षी उतरला आणि हात झाला. माळिणीचा झाला, भाटाचा झाला. तरणा शिपाई आपली बोटं मोजत रडला. लोहाराच्या सुनेकडे त्याच दिवशी वैद्य गेला.

मोती राणीच्या उशीच्या अभ्र्यात निघाला. तो कोणी शोधलाच नव्हता. मूठ होती ना, मग शोधतं कोण!

त्यानंतर त्या राज्यात चोरी झाली की आधी वस्तू शोधू लागले.

सुभान कामाच्या दिवसांत माशांत हात धरी. कंटाळा आला की सोडून देई, मग हात पूर्वीसारखे गळू लागत. अशाच एका सकाळी तो विस्तव मागायला गेला. त्यानं कडी वाजवली, आणि ती ओली झालेली पाहून सवयीनं खांद्यावरचा पंचा काढला.

आतून ठकूबाई ओरडली, "पुसत काय बसलास, मेल्या? गंजू दे ती कडी. आत ये, चहा निवतोय."