बापाच्या शर्टाचं दुपटं

“मग ते कुठंय, बाबा? दाखवा मला.”

हैबती मठात शिरला तोच हे विचारत. थोरला भाऊ जोती गेला, तेव्हा चितेपाशी भैरूबाबा बोलून गेले होते, की माणसामागं असं काहीतरी उरतं, ज्याला आग लागत नाही. तेव्हापासून हैबतीला घास गोड लागत नव्हता.

बाबा धुनीपुढं बसले होते.

“तुझ्यापाशी काय उरलंय?”

हैबतीनं काखेतली गुंडाळी सोडली. खाकी कापडाचं लहानसं दुपटं. उद्या जोतीच्या पोराचं बारसं, म्हणून धुनीचा अंगारा लावून घ्यायला आणलेलं. बाळाचं पहिलं अंथरूण घरच्या माणसाच्या जुन्या कापडाचं करायचं, अशी त्यांच्याकडं रीतच होती.

“दादाचा खाणीतला शर्ट. वहिनीनं शिवलंय.”

त्या युरेनियमच्या खाणीत कामाचे कपडे फाटकाबाहेर न्यायला बंदी होती. रखवालदारानं परोपरीनं समजावलं, शेवटी हात जोडले. हैबतीनं त्याची गचांडी धरली आणि शर्ट आणलाच. हे तो छाती काढून सांगत होता. वहिनी धुवायला निघाली, तर तिच्याही हातून त्यानं तो ओढून घेतला होता. दादाचा वास गेला असता...

“पोर याच्यावरच निजतं, बाबा. बाप ओळखतंय.”

बाबांनी हात पुढं केला नाही.

“जोती कशानं गेला?”

“फुप्फुसात गाठ. डॉक्टर म्हणाले, खाणीतली धूळ श्वासातून आत जाऊन बसली. आत बसून जाळत राहते म्हणे... धग लागत नाही, कळत नाही.”

बोलता बोलता त्यानं बाबांपुढं अंथरायला दुपटं झटकलं.

कौलातून उन्हाची तिरीप पडली होती. तिच्यात बारीक धूळ उठली, तरंगत राहिली.

बाबांनी उपरण्यानं नाक झाकलं.

हैबती त्या धुळीकडं बघत राहिला. मग बाबांच्या उपरण्याकडं.

एकदम त्याचा हात धुनीकडं गेला. बाबांनी मनगट धरलं.

“कापड जळेल. ती धूळ नाही. धुरावाटे परत आपल्यातच येईल.”

“ओढ्यात सोडतो.”

“खाली गाव पितं.”

“मग करू काय मी याचं?”

बाबांनी पत्र्याचा डबा पुढं सरकवला. आहे तसं खाणीच्या फाटकात नेऊन दे, म्हणाले. त्या रखवालदाराच्या पाया पड.

हैबतीनं दुपटं आत ठेवलं, झाकण दाबलं. उठला मात्र नाही. डबा मांडीवर घेऊन बसला.

“दादाचं एवढंच उरलं होतं हो माझ्यापाशी...”

बाबांनी दाराकडं बोट केलं.

“दुसरं पाळण्यात आहे, हैबती... जा. हात धुतल्याशिवाय उचलू नकोस.”