डोहातल्या बाईचे पांढरे केस

एकदा काय झालं, एका नगरात म्हातारं माणूसच उरलं नाही. आजी नाही, आजोबा नाही, काठी टेकणारं कुणी नाही. हसू नकोस चिंगे, आजी नसेल तर गोष्ट कोण सांगणार? त्या नगरात गोष्टच नव्हती, बरं का.

तिथल्या राजाला म्हातारपणाचं फार भय. त्यानं दवंडी पिटवली. ज्याच्या डोक्यावर पांढरा केस दिसेल, त्यानं तो दिवेलागणीच्या आत डोहात वाहावा. नाही वाहिला, तर वेशीबाहेर रान, आणि रानात वाघ. मग काय, रोज सकाळी पाणवठ्यावर कोतवाल उभा. बायकांचे भांग बघायचा, पुरुषांची पागोटी उतरवायचा. केस वाहिला की माणूस पुन्हा तरणंताठं. सुरकुती गेली, कंबर सरळ झाली. लोक खूश. राजा तर आरशापुढून हलेना.

त्या नगरात म्हाळसा नावाची सुईण होती. निम्मी पोरं तिच्याच हातावर जन्मलेली. पहिला पांढरा केस दिसला तेव्हा ती सगळ्यांसारखी डोहावर गेली, केस वाहिला, तरणी होऊन घरी आली. जात्यावर बसली, तर आईची ओवी तोंडात येईना. असेल, विसरले असेन, म्हणाली. मग दुसरा केस आला. तोही वाहिला. घरी आली, तर मेलेल्या नवऱ्याचा चेहरा डोळ्यांपुढे येईना. नाव आठवे, चेहरा नाही. तेव्हा मात्र ती कुणाला तरी सांगायला उठली. पण बोलणार कुणाशी? सगळं नगर विसरलेलं, आणि आपण विसरलोय हेही विसरलेलं.

मग तिसरा केस आला. आला तोही कधी, तर लेकीचे, बकुळेचे, दिवस भरलेले असताना. म्हाळसानं लेकीच्या पोटावरून हात फिरवला, तर बाळाचं डोकं वरच्या अंगाला. पायाळू बाळ. आणि तिकडे कोतवालानं भांगातला केस पाहिलेला. "आज दिवेलागणीच्या आत, म्हाळसाबाई," म्हणाला. मग ती निघाली.

डोहावर बेडूक ओरडत नव्हते. वारा नव्हता. पाणी काळंभोर. डोहाकडे बघायचं नाही, डोळे मिटून केस टाकायचा आणि मागे फिरायचं, अशी रीत होती. पण आज पाण्यातून कुणीतरी ओवी म्हणत होतं. सूर ऐकला आणि म्हाळसानं ओळखलं. तिच्या आईची ओवी. तिनं डोळे उघडले.

पाण्यात एक बाई बसली होती. तोंड कोवळं, पोरसवदा, आणि केस पांढरेफेक. केवढे केस म्हणून सांगू, डोहभर पसरलेले, पार तळापर्यंत गेलेले. अख्ख्या नगराचे केस ते. ती फणीनं विंचरत बसली होती.

म्हाळसानं विचारलं, "माझी ओवी तुझ्या तोंडी कशी?"

"तूच दिलीस," बाई म्हणाली. "केस का नुसता येतो? जे शिकता शिकता तो पांढरा झाला, ते घेऊन येतो. आण, आज हातांचं आण. सुईणपण आण."

केस उपटायला गेलेला म्हाळसाचा हात डोक्यावरच राहिला. मग ती फिरली आणि घराकडे धावत सुटली. मागे पाणी खळबळलं. बाई डोहातून बाहेर निघाली होती.

म्हाळसानं घरात शिरून कडी लावली. बकुळा कळांनी तळमळत होती, आणि बाळाचे पाय दिसू लागले होते. पाय दिसले की ओढायचं नाही, बरं का. हात आवरायचे आणि थांबायचं. नवशिक्या सुइणी घाबरतात, ओढतात, आणि बाळ जातं. म्हाळसाला ते ठाऊक होतं. अजून ठाऊक होतं.

मग दारावर थाप पडली. आईचा आवाज आला. "म्हाळसे, ओवी परत देते. केस दे." म्हाळसाच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण ती उठली नाही. मग दुसरी थाप. नवऱ्याचा आवाज. "अगं, तोंड बघायचंय ना माझं? कडी काढ." तिचा जीव तुटला, तरी ती उठली नाही. बाळ कमरेपर्यंत आलं होतं. मग तिसरी थाप पडली, आणि आवाज आला तो तिचा स्वतःचा, विशीतला. "मी तूच गं. मला बाहेर का ठेवतेस? म्हातारी झालीस की तुला कोण विचारणार? एकटी पडशील."

हे खरं असू शकत होतं, म्हणून तिला याचीच सगळ्यांत जास्त भीती वाटली. पण हात बाळापाशीच ठेवले. म्हणाली, "तू माझी होतीस गं. छान होतीस. पण हे बाळंतपण तुला जमायचं नाही. जा आता."

बाहेर सामसूम झाली. मग बाळ सुखरूप बाहेर आलं. आधी रडेचना, म्हाळसानं पाठ चोळली. आणि मग असं रडलं, की शेजारपाजार गोळा झाला.

गर्दीमागून कोतवाल आला. दिवेलागण टळून गेलेली, आणि केस डोक्यावरच. म्हाळसानं बाळ लेकीच्या कुशीत दिलं, कडी काढली, पदर खोचला आणि रानात जायला निघाली. तेवढ्यात कोतवालाची बायको पुढे झाली. तिलाही आठवा लागलेला. दारात आडवी उभी राहून नवऱ्याला म्हणाली, "यांना घालवा खुशाल. मग मी कुणाच्या हातावर बाळंत होऊ, तेवढं सांगा." कोतवाल खाली मान घालून माघारी फिरला.

मग म्हाळसानं डोहातल्या बाईचं सगळ्यांना सांगितलं, आणि त्या दिवसापासून डोहावर कुणी जाईना. राजा तेवढा एकटा जात राहिला. जाता जाता आपण राजा आहोत हेही विसरला, आणि पोरांत विटीदांडू खेळू लागला. बरं झालं, एक कटकट मिटली.

म्हाळसा म्हातारी झाली. दात पडले, गुडघे धरले. गेलेला चेहरा काही परत आला नाही. भीतीही गेली नाही, ती वाटायचीच. पण आता संध्याकाळी ओसरीवर बरोबरीच्या चारचौघी असायच्या. त्याही तशाच घाबरायच्या, आणि घाबरता घाबरता हसायच्या. अशी ती सगळी सुखानं नांदली, नातवंडांत म्हातारी झाली. तुम्हीही व्हाल, पण आज नाही. आज झोपा. मी आहे इथंच बसलेली.