चौथी खेप

"लिटरला साडेतीन किलोमीटर! आणि तुम्ही म्हणता, ठीक आहे?"

यशोधनने वही उस्तादांच्या पुढ्यात टाकली.

उस्ताद मौला शिकलगार घमेल्यात रॉकेल घेऊन चाकाचे नट धूत बसले होते. त्यांनी वहीकडे पाहिलंही नाही.

"साठीला टेकलेली म्हातारी गाडी ती," ते म्हणाले. "आणि तू तिच्या ताटातल्या भाकरी मोजतोयस."

"मोजतोयच. महिन्याला साठ लिटर डिझेल मिळतं. त्यात तीन खेपा होतात. लिटरला पावणेपाच पडले, तर चार होतील. त्या चौथ्या खेपेला कोण बसलं असतं, ते तुम्हाला ठाऊक आहे."

उस्तादांनी दुसरा नट उचलला. त्यांना ठाऊक होतं. साऱ्या खोऱ्याला ठाऊक होतं.

घाटाच्या माथ्यावर नऊ वाड्या होत्या. एसटी तिथवर जात नव्हती. खालच्या गावात एक छोटी सेवासंस्था होती आणि तिच्यापाशी हा लांब नाकाचा जुना ट्रक. वर जाताना तो धान्य आणि औषधं न्यायचा. खाली येताना हौद्यात माणसं असायची. तापानं फणफणलेली, हातपाय मोडलेली, दिवस भरलेली.

मागच्या महिन्यात सगुणा झोरे बाळंतपणात अडली. निरोप आला तेव्हा तिसरी खेप होऊन गेलेली, पिंप कोरडं ठणठणीत. पंप तीस किलोमीटरवर. मोटरसायकलला कॅन बांधून निघाला तो यशोधनच. तो परत येईस्तोवर वाडीकरांनी तिला डोलीत घालून घाट धरला होता. सातव्या वळणावर त्यांनी डोली टेकवली. पुन्हा उचलली, ती परत वर, वाडीच्या मसणात न्यायला.

यशोधन भरलेला कॅन घेऊन रस्त्यात उभा होता.

सहा वर्षं परदेशात तो इंजिनंच शिकला होता. तिथली नोकरी सोडून आला होता. आपली विद्या आपल्या माणसांच्या कामी आली पाहिजे, एवढंच त्याचं म्हणणं. ते तो येईल त्याला ऐकवायचा. आताशा मात्र तो ते कुणाला ऐकवत नसे.

"बोल," उस्ताद म्हणाले. "काय करायचं म्हणतोस?"

"मागच्या आसातली क्राउन-पिनियनची दातेरी जोडी बदलू. आता शाफ्टच्या साडेसहा फेऱ्या होतात तेव्हा चाकाची एक होते. मी भंगारातून एक जोडी शोधून आणलीय. तिला पाचच फेऱ्या लागतात. इंजिन कमी फिरेल. कमी पिईल."

"चढाला?"

"पहिल्या गिअरमध्ये चढेल. दमेल, पण चढेल. मी हिशेब काढून बघितलाय."

"आणि उताराला?"

यशोधन हसला. "उताराला डिझेल लागतंय कुठं, उस्ताद? उतार मी धरलाच नाही."

उस्तादांचा नट घासणारा हात थांबला.

"धरलाच नाही..." ते स्वतःशीच पुटपुटले. मग नट फडक्यात गुंडाळून उठले. "बसव."

सहा दिवस काम चाललं. उस्ताद पाने हातात देत राहिले. एकदाही नको म्हणाले नाहीत, एकदाही वा म्हणाले नाहीत. दात बसत नव्हते तिथे फक्त एकदा त्यांनी यशोधनचा हात बाजूला केला, पत्र्याची पातळ चकती सरकवली आणि परत जाऊन आपल्या जागी बसले.

सातव्या दिवशी ट्रक सपाटीच्या रस्त्यावर पळून आला. यशोधनने टाकीत पट्टी बुडवून पाहिली. पुन्हा बुडवून पाहिली.

"पाचच्या वर! उस्ताद, पाचच्या वर! घाट धरून पावणेपाच कुठं जात नाहीत. उद्या सकाळी वर जायचं."

"आधी रीत."

उस्तादांच्या दुरुस्तीच्या शेडची एक रीत होती. गिअरला किंवा ब्रेकला हात लागलेली कोणतीही गाडी समोरच्या उतारावरून पहिल्या गिअरमध्ये खाली न्यायची. पाय ब्रेकवर ठेवायचा नाही; गाडी एकट्या इंजिनानं धरली पाहिजे. पुढे एक माणूस चालणार, गाडीकडे पाठ करून, आपल्या रोजच्या चालीनं. त्यानं पळायचं नाही. वळून बघायचं नाही. तळाच्या विहिरीपर्यंत गाडीनं त्याला गाठलं नाही, तर गाडी रस्त्यावर जायची.

जुनी जोडी काढण्याआधीही उस्तादांनी ट्रक असाच उतरवायला लावला होता. स्वतः पुढे चालले होते. चालता चालता त्यांनी बिडी पेटवली होती, आणि म्हातारा ट्रक मागून गुरगुरत येत राहिला होता, हातभर अंतर राखून. यशोधनला तेव्हा हसू आलं होतं.

"वाळू भर," उस्ताद म्हणाले. "पंधरा पोती. हौद्यात."

"पंधराच का?"

"येताना तेवढी माणसं असतात ना?"

पोती भरून झाली. आभाळ सकाळपासून कळकट होतं. वारा पडला होता. उताराच्या दोन्ही बाजूंचं गवत करडं पडलं होतं.

"मी चालतो पुढे," यशोधन म्हणाला. "काम माझं आहे."

"तुझे पाय तरणे. तुझ्या नकळत तू चाल वाढवशील. मला वाढवायची म्हटली तरी वाढत नाही."

खरं होतं ते. उस्ताद डावा पाय ओढत चालायचे. कधीपासून, ते कुणी विचारलं नव्हतं.

यशोधन स्टिअरिंगवर बसला. पहिला गिअर टाकला. क्लच सोडला.

उस्ताद चालू लागले.

पहिली वीस पावलं ठीक गेली. मग उतार तीव्र झाला. इंजिनाचा आवाज चढू लागला. पोत्यांचा भार मागून रेटा देऊ लागला. यशोधनला तो पाठीत जाणवला, जणू मागून कुणीतरी सीटला हात लावून ढकलत होतं.

ट्रकचं नाक लांब. त्या नाकाआड आधी उस्तादांची पावलं गेली.

मग गुडघे.

"उस्ताद!"

उस्तादांनी मान वळवली नाही. डावा पाय ओढायचा, उजवा टाकायचा. डावा ओढायचा...

कंबर गेली. यशोधनने हॉर्न दाबला. दाबूनच धरला.

"उस्ताद, बाजूला व्हा! बाजूला!"

खांदे गेले. नाकाच्या टोकावर फक्त एक पांढरी टोपी उरली.

त्याने दोन्ही पायांनी ब्रेक दाबला.

ट्रक किंचाळला. घसरला. थांबला. हौद्यात एक पोतं आडवं पडल्याचा धप्प आवाज आला.



यशोधन खाली उतरला.  उस्ताद पाठमोरे उभे होते. त्यांची पाठ आणि बंपर यांच्यात वीतभरही अंतर नव्हतं.

"ब्रेक का दाबलास?" त्यांनी वळून न बघताच विचारलं.

"का म्हणजे? तुम्ही समोर होता!"

"लागला?"

"लागला की."

"घाटात वळणं किती?"

"सतरा."

पुढच्या चाकातून ब्रेकचा जळका वास येत होता. दोघांनाही येत होता. यशोधनने चाकाकडे पाहिलं, मग मान फिरवली.



"जोडी काढली तर पुन्हा तीनच खेपा," यशोधन अखेर म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. "पुन्हा कुणीतरी अडणार. पुन्हा मी कॅन घेऊन रस्त्यात उभा राहणार. तेव्हा त्यांना काय सांगू? सांगा ना. तुम्ही उस्ताद आहात."

उस्ताद आता वळले. त्यांचा चेहरा एकाएकी फार थकलेला दिसला.

"मला ठाऊक नाही," ते म्हणाले.

यशोधन बघतच राहिला. चाळीस वर्षं ज्यांच्याकडे सारं खोरं बिघडलेली यंत्रं घेऊन येत होतं, त्यांच्या तोंडून हे शब्द त्याने कधी ऐकले नव्हते.

"ठाऊक नाही, तर मग मला अडवता कशाला?"

"अडवलं कुठं, इंजिनेर? ही बघ, वाट सोडली."

ते खरोखरच बाजूला झाले. पाय ओढत ट्रकच्या मागे गेले. फाळक्याची साखळी वाजली. वर चढायला त्यांना फार वेळ लागला. यशोधन मदतीला धावला नाही. त्याला हलताच आलं नाही.

आडवं पडलेलं पोतं उस्तादांनी नीट उभं केलं आणि त्याच्या शेजारी, बाकीच्या पोत्यांच्या मधोमध, मांडी घालून बसले. यशोधन केबिनमध्ये येऊन बसला. आरशात त्याने मागे पाहिलं. आरशात फळ्या होत्या आणि करडं आभाळ होतं.

पाठीमागच्या फळीवर दोनदा ठकठक झाली.

"हं... आता मी समोर नाही. घे गाडी."