आधी पिल्लं सोडायची

"लोक आयकनत नाय, मगे करूचा काय, बाबा?"

सत्यवान मेतरने पुन्हा तेच विचारलं.

नूरबाबा फकीर. खाडीच्या तोंडाशी, पिराच्या दगडाजवळ त्यांची झावळ्यांची खोपी होती. तिच्या दारात बसून ते जाळ्याची फाटकी जागा सांधत होते. सुई आत जात होती, बाहेर येत होती.

सत्यवानला एका जागी बसवत नव्हतं. बोलता बोलता तो खोपीभोवती फिरे. वाळूत रुतलेलं बाटलीचं झाकण पायाने उकरून काढी आणि खिशात टाकी. दोन्ही खिसे फुगले होते.

"बस," फकीर म्हणाले.

तो बसला. लगेच उठला.

सत्यवान जातीचा गाबित. आजा खाडीत मासे धरायचा, बापही तेच करायचा, आणि चाळिशीला टेकेपर्यंत त्यानेही दुसरं काही केलं नव्हतं. लहान होडी, लहान जाळं, नवरा-बायको दोघं. एक टोक प्रमिलाने काठावर धरायचं, दुसरं घेऊन सत्यवानने छातीभर पाण्यातून वळसा घालायचा. मिळेल ती मासळी बाजारात, उरेल ती कढईत.

मग जाळ्यात मासळीपेक्षा पिशव्या जास्त यायला लागल्या.

दुसऱ्या कोणी त्या परत पाण्यात झटकल्या असत्या. सत्यवानने घरी नेल्या. मग किनाऱ्यावरचंही वेचायला लागला. बाटल्या, चपला, थर्माकोल, कोणीतरी समुद्रात सोडून दिलेली नायलॉनची जाळी. वाडीने आधी चेष्टा केली, नंतर मदत केली. बंदरावरच्या जुन्या शेडमध्ये बायका माल निवडायला बसू लागल्या. शहरातल्या कारखान्याचा टेम्पो येऊ लागला. तिथे त्या कचऱ्याच्या फळ्या होत आणि फळ्यांची बाकं. त्यातलं एक बाक वाडीच्या शाळेत आलं, तेव्हा त्यावर बसायला पोरं भांडली.

सत्यवानचा फोटो पेपरात छापून आला. काम चांगलंच होतं. त्याला नाव ठेवायला कोणाला जागा नव्हती.

पण समुद्र काही पेपर वाचत नाही. सकाळी कोरा केलेला किनारा दुपारच्या भरतीने पुन्हा भरे.

नारळी पौर्णिमेला, सगळी वाडी दर्यावर जमलेली असताना, सत्यवानने पण केला. भरती येऊन ओसरली आणि तरीही किनारा कोरा राहिला, असा एक दिवस उगवेपर्यंत तो जाळ्याच्या दोराला हात लावणार नाही.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्रमिलाने वाजवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून छातीभर पाण्यात ती उतरू लागली. काठावरचं टोक धरायला माणूस नव्हता. पिराच्या दगडाकडून हे बघणारे नूरबाबा एके दिवशी कफनी खोचून आले, त्यांनी दोर कमरेला गुंडाळला आणि वाळूत पाय रोवून उभे राहिले. वाडीने तोंडात बोट घातलं. मग तेही अंगवळणी पडलं.

सत्यवानला मात्र ते बघवत नसे. जाळं ओढायच्या वेळी तो किनाऱ्याच्या पार दुसऱ्या टोकाला असे.

"माका झोप येणा नाय, बाबा. डोळे मिटलंय की पाण्यात बाटल्यो वाजतत. उठून बसतंय. आणि परवा तर..."

तो थांबला. सुई थांबली नाही.

"परवा शाळेची पोरां इली व्हती, शेड बघूक. मी सगळ्यांच्या म्होरं बोलत व्हतंय. आणि आमचा दुर्वा... माझा चेडू... तिच्या हातातसून बिस्किटाचो कागद वाळयेत पडलो."

"मग?"

"मी तिका मारलंय. गालार. सगळ्यांसमोर."

दुर्वा नऊ वर्षांची. ती रडली नव्हती. नुसती बघत राहिली होती. त्याच संध्याकाळी प्रमिलाने तिला होडीत बसवलं आणि खाडीपलीकडे आपल्या आईकडे सोडून आली. घरी येऊन नवऱ्याला जेवायला वाढलं. त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नव्हती.

"चुकला माझा, मान्य आसा," सत्यवान म्हणाला. "पण माझाच चेडू आयकणा नाय, तर जग कसा आयकतला? तुमी माका इतक्याच सांगा. माणसांका आयकूक लावूचा कसा?"

फकिराने दोरा दाताने तोडला.

"ओहोटी लागली. जाळं ओढायचंय, चल."

"माझो पण आसा, बाबा."

"दोराला हात लावू नकोस. आम्ही ओढतो. तू नुसतं रिकामं कर."

सत्यवानने विचार करून पाहिला. त्यात पण मोडत नव्हता. हरकत घ्यायला काही सापडेना. तो मागोमाग गेला.

प्रमिला होडीतून जाळं उतरवत होती. नवऱ्याला बघून तिचे हात क्षणभर थांबले, मग चालू लागले.

ती पाण्यात शिरली. आधी गुडघे, मग कंबर, मग छाती. पाण्याने तिला एकदा बाजूला ढकललं. सत्यवान एक पाऊल पुढे झाला आणि तिथेच थबकला. तिने पाय रोवले, वळसा पुरा केला आणि काठाला लागली. मग तिने आणि फकिराने मिळून ओढलं. म्हाताऱ्याच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. सत्यवान मोकळ्या हातांनी उभा होता. ते हात कुठे ठेवावेत, त्याला कळेना.

जाळ्याचं पोट वाळूवर आलं. एक बाजू मात्र कालवांच्या खडकात अडकून राहिली. ती सोडवायला प्रमिला परत पाण्यात गेली.

"कर रिकामं," फकीर म्हणाले.

सगळं एकत्र होतं. शेवटे मासे, कोळंबी, कुर्ल्या, बोटभर लांबीची चिकार पिल्लं. आणि पिशव्या, शाम्पूच्या पुड्या, औषधाची बाटली, बाहुलीचा एक पाय.

सत्यवान गुडघ्यांवर बसला आणि त्याचे हात सुटले.

हे काम त्याच्या बोटांत होतं. पिशवी पिळून एकीकडे, पुडी झटकून दुसरीकडे, दोऱ्यांची गुंतवळ तिसरीकडे. शेडमधल्या बायका तासभर घेतील ते तो भराभर उरकत होता. परवापासून छातीत अडकलेलं काहीतरी सैल होत होतं. इथे कोणाला समजावायचं नव्हतं. इथे कोणी उलट बघत नव्हतं. वाळूवर नीट वेगवेगळे ढीग होत चालले होते. मधेच कोणाची तरी सावली हातांवरून गेली, परत आली, पुन्हा गेली. त्याने मान वर केली नाही.

शेवटची पुडी ओढून काढली आणि तो मागे सरला. जाळ्यात प्लॅस्टिकचा तुकडाही उरला नव्हता.

"झाला!" तो म्हणाला. कित्येक दिवसांनी त्याचा आवाज मोकळा लागला.

प्रमिला पाण्यातून आली. तिने ढिगांकडे बघितलंच नाही. जाळ्यापाशी उकिडवी बसली आणि हात घालून मूठभर पिल्लं उचलली. ती तिच्या ओंजळीत तशीच पडून राहिली. पांढरी, उन्हाने चिकट झालेली.

"आदी पिल्लां सोडूची व्हती," ती म्हणाली.

दोन दिवसांत ती त्याच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

सत्यवानचा चेहरा उतरला. जाळं काठाला लागलं की आधी पिल्लं पाण्यात सोडायची, हे त्याला कोणी शिकवावं लागलं नव्हतं. चालता येऊ लागलं तेव्हापासून तो ते करत आला होता.

"तुमी बघत व्हतास, बाबा," तो फकिरावर उसळला. "माका सांगूचा तरी!"

फकिराची कफनी गुडघ्यापर्यंत भिजली होती. हातांना खवले चिकटले होते.

"माझ्या ओंजळीत मावली तेवढी मी सोडली," ते म्हणाले. "तुझ्या पुढूनच येत-जात होतो."

"माका दिसूक नाय."

पाणी मागे सरत होतं. प्रमिलाने मेलेली पिल्लं टोपलीच्या तळाशी ठेवली, वर मासळी घातली.

"परवा पोरीच्या एका हातात कागद होता," फकीर म्हणाले. "दुसऱ्या हातात काय होतं?"

सत्यवानने तोंड उघडलं.

कागद त्याला लख्ख आठवत होता. लाल, एका कोपऱ्यात फाटलेला. तो वाळूत कसा पडला, वाऱ्याने कसा उलटला, तेसुद्धा. दुसरा हात...

"आठवणा नाय."

"तिलाच विचार."

त्याने प्रमिलाकडे बघितलं. तिने टोपली डोक्यावर घेतली आणि होडीकडे हात केला. घेऊन जा, एवढंच.

खाडी ओलांडायला फार वेळ लागत नाही. सत्यवानला त्या दिवशी लागला. वल्ही मारता मारता तो मनात वाक्यं जुळवत होता. सगळी वाक्यं शेवटी भाषणासारखी होत होती.

सासूबाई दारातच होत्या. "येवा जावयांनू," म्हणाल्या, आणि त्याचा चेहरा बघून पुढे काही न विचारता आत गेल्या.

दुर्वा अंगणात बसून तिसऱ्या निवडत होती. बंद शिंपले एका पातेल्यात, उघडे पडलेले बाजूला. बापाला बघून तिने मान खाली घातली.

तो तिच्यासमोर बसला. जुळवलेलं एकही वाक्य आठवेना.

"दुर्वा... त्या दिवशी तुझ्या दुसऱ्या हातात काय व्हता गो?"

ती निवडत राहिली.

"सांग ना."

"मी सांगूचंय नाय."

सत्यवानच्या अंगात जुनी सणक उठली. आपण बाप आहोत. एवढी खाडी ओलांडून आलो आहोत. साधी गोष्ट विचारतो आहोत. शब्द ओठांपर्यंत आले... आणि त्याचं लक्ष तिच्या गालाकडे गेलं. तिथे काहीच नव्हतं. वळ केव्हाच गेला होता. पण तो पुढे वाकला तशी ती किंचित मागे झाली होती.

"बरा," तो म्हणाला.

आणि उठायच्या ऐवजी बसून राहिला. हात मोकळेच होते. त्याने ढिगातली एक तिसरी उचलली, बंद आहे का पाहिली, पातेल्यात टाकली. मग दुसरी.

उघड्या शिंपल्यांचा बाजूला लहानसा ढीग झाला.

"आता तू जातलंस?" दुर्वाने विचारलं. वर न बघता.

"नाय."

"शेडमदी काम नाय?"

"आसा."

तिने थोडा विचार केला. मग आपल्यासमोरचा ढीग हाताने सारून अर्धा त्याच्याकडे केला.

उन्हं कलली, भरती चढत आली, तेव्हा ती आपण होऊन होडीत येऊन बसली. तोंड पुढे, पाठ बापाकडे. सासूबाईंनी निवडलेल्या तिसऱ्यांचं पातेलं मध्ये ठेवलं.

अर्ध्या खाडीत एक बाटली आडवी आली. निळ्या झाकणाची, होडीच्या इतकी जवळ की हात घातला असता तर मिळाली असती. दोघांनाही दिसली. दुर्वाची पाठ ताठ झाली.

सत्यवानची बोटं वल्ह्यावर आवळली गेली. त्याने वल्हं पुढे ओढलं.

"पप्पा, ती बाटली..."

"जांव दे."

दुर्वाने मागे वळून पाहिलं. मग ती फिरली आणि त्याच्याकडे तोंड करून बसली. बाटली डुचमळत मागे राहिली.

काठावर प्रमिला ओलं जाळं एकटीच खांद्यावर घेऊन वर ओढत होती. दुर्वा होडीतून उडी मारून तिला जाऊन बिलगली. मायलेकी काहीतरी बोलल्या, ते वाऱ्यात विरलं. जाळं प्रमिलाच्या खांद्यावरून घसरू लागलं. सत्यवानने धावत जाऊन दुसरी बाजू उचलली. वर माडापर्यंत नेऊन दोघांनी ते पसरलं. दोर तळहाताला काचला, तेव्हा आपण काय धरलं आहे ते त्याच्या लक्षात आलं.

प्रमिलाच्याही लक्षात आलं होतं. त्याने दोर टाकला नाही. नीट गुंडाळून ठेवला.

मग तो खोपीकडे गेला. फकीर दारातच होते.

"सांगितलं तिने?"

"नाय."

"तू पुन्हा विचारलंस?"

"नाय." तो जरा थांबला. "तिसऱ्यो निवडल्यो. दोगांनी. बाबा, तिच्या दुसऱ्या हातात काय व्हता ता माका कधी कळतला?"

फकिराने त्याच्याकडे नीट बघून घेतलं.

"आज भरतीने काय आणलं?"

सत्यवानने मान वळवली. किनारा टोकापासून टोकापर्यंत भरला होता. बाटल्या, पिशव्या, एक तुटकी खुर्ची. होडीतून उतरल्यापासून तो यातूनच चालत आला होता.

"बघूक नाय मी," तो पुटपुटला. त्याला स्वतःचंच नवल वाटलं.

फकीर उठले. खोपीच्या कुडाला अडकवलेलं रिकामं पोतं त्यांनी काढलं, झटकलं आणि त्याच्या हातात दिलं.

"जा," ते म्हणाले. "आता वेच."