मुकी कारवी

“...मग आपलीच तेवढी मुकी का रे?”

लखमाबाबांचा प्रश्न अर्धा वाऱ्यावर गेला. अर्धा चेल्याच्या, हैबतीच्या पोटात उतरला.

चार दिवसांनी उघडीप झाली होती. मठीसमोरचा अख्खा डोंगर कारवीच्या निळ्याजांभळ्या फुलांनी भरला होता. सात वर्षांनी आलेला बहर. उतारावर मधमाश्यांची घूं घूं अशी, की जमिनीखाली कुणी जातं फिरवतंय. आणि मठीच्या अंगणातलं, बाबांनी स्वतः बी पेरून वाढवलेलं कारवीचं झुडूप मात्र हिरवंगार उभं होतं. त्यावर एक माशी नाही.

बाबांना ते दिसत नव्हतं. डोळ्यांवर पडदा येऊन चार वर्षं झाली होती. पण कान शाबूत होते.

“फुललीच नाही, बाबा,” हैबती म्हणाला.

“कळ्या?”

“कळ्यापण नाहीत.”

“हं...”

हैबतीने मान खाली घातली. हातात भाकरीचं पीठ होतं, ते तो उगाच मळत राहिला.

बी पेरलं त्या दिवशी बाबा म्हणाले होते, “ही फुलेल त्या साली मी निघेन.” तेव्हा सगळे हसले होते. बाबा तेव्हा पाण्याची घागर खांद्यावर घेऊन डोंगर चढायचे.

आता बाबांचे पाय सुजले होते. भाकरी अर्धीच जायची. आणि यंदा श्रावणात झुडपाच्या शेंड्यांना चिकट, हिरव्या कळ्या आल्या.

कारवी एकदाच फुलते आणि उभ्या उभ्या वाळून जाते. डोंगरातल्या पोरासोरांनाही हे ठाऊक आहे. हैबती घाबरला. तेव्हापासून रोज पहाटे, बाबा उठायच्या आत, तो एकूण एक कळी खुडायचा आणि उकिरड्यात पुरायचा.

काल मध काढणारा कोंडाजी वाटेने जाताना ओरडला होता, “काय हैबती, बाबांची कारवी वांझ निघाली काय?” ते बाबांनी ऐकलं असावं.

“बाबा, खरं सांगू?” हैबती म्हणाला. “ही कारवी नव्हेच.”

“नव्हे?”

“दुसरी जात आहे. पान तसंच, काठी तशीच. पण ही डोंगराबरोबर फुलत नाही. बियाण्यात मिसळ झाली असणार.”

“माझ्या हातून?”

“तेव्हाही तुम्हाला जरा कमीच दिसायचं...”

बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

बाबा हसले. “बरोबर. तू झाडांचा पंडित. नुसतं पान हुंगून नाव सांगतोस, चार गावांची माणसं तुला विचारायला येतात. तुझ्यापुढे आम्ही कोण?” त्यांनी काठी चाचपली. “चल. तुझी दुसरी जात दाखव मला.”

“ओल आहे बाबा, पाय घसरेल...”

“तू आहेस ना धरायला.”

हैबतीने त्यांना धरून अंगणात नेलं. बाबा कण्हत झुडपापाशी बसले. एक पान घेतलं. त्याचा खरखरीतपणा अंगठ्याने पाहिला. कडेचे दाते पाहिले. चुरगळून नाकाशी नेलं. मग बोटं फांदीवरून वर वर गेली. शेंडा तुटका. दुसरा शेंडा तुटका. तिसराही.

“हे कुणी खाल्लं?”

“शेळी येते, बाबा. धनगरांची.”

“आणि पानं सोडून शेंडेच खाते?”

हैबती पिठाचे हात चोळू लागला.

“मोठी सोवळ्याची शेळी दिसते... हात दे इकडं.”

हैबतीने हात मागे घेतला. बाबांचा हात मात्र तसाच पुढे राहिला. शेवटी त्याने दिला.

बाबांनी त्याची बोटं हुंगली. पिठाखाली काळपट चीक बसला होता. धुऊन न जाणारा.

“वीस दिवस झाले,” बाबा म्हणाले, “भाकरीला कळ्यांचा वास येतोय. म्हटलं, लेकरू आज सांगेल. उद्या सांगेल.”



“फुलली की ती वाळते, बाबा.”

“वाळतेच.”

“आणि तुम्ही म्हणाला होतात...”

“म्हणालो होतो.”

“मग मी काय करू? हा एवढा डोंगर... मी एकटा इथं काय करू?”

बाबांनी आपला सुजलेला पाय थोडा पुढे सरकवला आणि हैबतीचा हात त्यावर ठेवला. बोट दाबलं तिथे खळगा पडला. तो भरून आलाच नाही.

“वीस दिवस कळ्या खुडल्यास. हा उतरला?”

हैबती रडू लागला.

बाबांचा हात पुन्हा झुडपाकडे वळला. अगदी खाली, दगडाला टेकलेल्या फांदीवर, एका मोठ्या पानाआड तो थांबला. तिथे एक शेंडा शाबूत होता. दोन कळ्या फुगलेल्या, टोकाशी जांभळी रेघ दिसू लागलेली. हैबतीच्या नजरेतून ती फांदी रोज सुटत होती.

“ही राहिली बघ.”

“बाबा...”

“फांदी मी धरतो. तू खूड.”

“नको ना, बाबा.”

“का? एवढी काढलीस की झालं. काही फुलायचं नाही. काही वाळायचं नाही. खूड.”

बाबांनी फांदी वर उचलून धरली. हैबतीची बोटं कळीपर्यंत गेली. नख लावायचं, बस.

त्याने बाबांच्या तोंडाकडे पाहिलं. पडदा आलेले ते डोळे त्याच्याकडेच वळलेले होते. त्यांत राग नव्हता. त्यामुळे तो जास्तच भ्याला.

उतारावरून एक मधमाशी आली. झुडपावर एक फेरी मारली, टेकली नाही. खाली आली आणि हैबतीच्या बोटावर बसली. चिकावरून सावकाश नखाकडे चालू लागली.

हैबतीला कळी तोडवेना, हात मागे घेववेना.

बाबांनी कान तिकडे केला. माशीची गुणगुण हैबतीच्या हातापाशी येऊन थांबली होती.

“हात झटकू नकोस, लेका,” ते हळूच म्हणाले. “तिला तू फुललेला वाटतोयस.”