पियेदादमायची मुकी घंटा

मोठी चर्चे पाहून झाली, सोन्याचा मुलामा दिलेल्या वेदी पाहून झाल्या, वर बघून बघून तुमच्या माना दुखायला लागल्या. आता या पायवाटेने दोन मिनिटे माझ्यामागून चला. गाडी सुटायला अजून अर्धा तास आहे आणि तुम्हाला घेतल्याशिवाय ती जात नाही. हे कपेल, म्हणजे छोटेखानी प्रार्थनामंदिर. कुठल्या माहितीपुस्तकात याचे नाव नाही, म्हणून इकडे कोणी फिरकत नाही. हे सुखप्रवासाच्या सायबिणीचे. सायबीण म्हणजे मेरीमाता. पूर्वी जुन्या गोव्यातून समुद्रावर जाणारा माणूस आधी इथे मेणबत्ती लावायचा आणि मगच होडीत पाय ठेवायचा, असे सांगतात.

आता वर बघा. घंटा आहे. तिच्या खाली उभे राहून आत बघा. टोला देणारी लोखंडी जीभ नाही. ती गंजून पडली नाही की चोरीला गेली नाही, मुद्दाम काढलेली आहे. सणाच्या दिवशीसुद्धा इथे लाकडी खटखटे वाजवून लोकांना बोलावतात. इतर ठिकाणी ते फक्त गुड फ्रायडेला निघते, कारण त्या दिवशी घंटा वाजवायची नसते. आमच्या या कपेलात मात्र वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस गुड फ्रायडे.

त्याचे कारण म्हणजे पियेदाद नावाची एक बाई. लोक तिला पियेदादमाय म्हणत. हे शहर राजधानी होते त्या काळात ती इथे खाली, नदीच्या पायऱ्यांशी राहायची. नवरा कपेलाची घंटा वाजवायचा. तो गेल्यावर ते काम तिच्याकडे आले. पदरात एकच मुलगा, कायतान. सतराव्या वर्षी तो जहाजावर नोकरीला गेला. जाताना तिने त्याला एवढेच सांगितले म्हणे, "घांट आयकतकच देंव. मुखार वचूं नाका." घंटा ऐकू आली की उतर, पुढे जाऊ नकोस.

तुम्हाला हे विचित्र वाटेल. पण तेव्हा नदीवरची माणसे घाट डोळ्यांनी कमी आणि कानांनी जास्त ओळखायची. मांडवीवर धुके पडले की हाताला हात दिसत नाही. मग ही घंटा अमक्या चर्चची, ती तमक्या मठाची, असे ऐकत होडी पुढे न्यायची. प्रत्येक घंटेचा आवाज वेगळा. आमच्या सायबिणीची घंटा शेवटी जराशी घोगरी व्हायची, सर्दी झालेल्या माणसासारखी. तिची नक्कल दुसरी कुठली घंटा करू शकत नव्हती.

कायतान गेला आणि तीन-चार वर्षांत शहरात तापाची साथ आली. एक साथ संपेपर्यंत दुसरी. ज्यांना शक्य होते ते नदीच्या मुखाकडे, पणजीच्या बाजूला राहायला गेले. जाताना दारे नेली, तुळया नेल्या, शेवटी भिंतींचे दगडसुद्धा नेले. पियेदादमायच्या आळीत सत्तर घरे होती म्हणे. आधी तिथे संध्याकाळी दिवे दिसेनासे झाले आणि मग घरेच दिसेनाशी झाली. तिलाही लोकांनी पुष्कळदा सांगितले, चल. ती म्हणायची, मी आले तर तो कुठे येईल? ती राहिली. शेजारी म्हणून कोल्हे आणि साप. दिवसातून तीनदा ती घंटा वाजवायची, आणि ऐकायला कोणी नव्हते.

मग घंटेवरही पाळी आली. पणजीकडे नव्या वस्तीत एक नवे चर्च उभे राहत होते, त्यांना घंटा हवी होती. कागद घेऊन चार माणसे आली. ओसाड गावात घंटा कशाला, असे ती माणसे म्हणाली, तर त्यांचे काही चुकले असेही म्हणता येत नाही. पियेदादमायने दोरी हातात धरून ठेवली होती. त्यांनी तिची बोटे एकेक करून सोडवली. घंटा होडीत चढवली, आणि होडी होती शाणू तारीची.

इथून पुढची गोष्ट मी जरा खाली मान घालून सांगतो, कारण शाणू हा आमचा पूर्वज. माझेही आडनाव तारी. आमच्या घराण्यात वाईट माणूस झाला नाही असे माझी आजी सांगायची, आणि ते खरेच असेल. शाणूही वाईट नव्हता. सांगितलेले काम करायचे आणि विचारल्याशिवाय बोलायचे नाही, असा होता. त्याने घंटा वाहून नेली, उतरवून दिली आणि घरी येऊन जेवला.

वीस वर्षे झाली. एका सकाळी शाणू समुद्राच्या तोंडाशी उभ्या असलेल्या जहाजावरून एका माणसाला घेऊन नदीतून वर निघाला. दाढी वाढलेला, पाठीत वाकलेला माणूस. समुद्रावरच्या उन्हाने त्याचे डोळे गेले होते, उजेड आणि अंधार एवढेच कळायचे. त्याने शाणूला जुन्या शहराच्या पायऱ्यांशी न्यायला सांगितले होते. भरतीचे पाणी होते, धुके होते. पणजीच्या समोर आले आणि नव्या चर्चची घंटा वाजली. शेवटी जराशी घोगरी.

तो माणूस होडीत उभा राहिला. "हांगाच देंवय म्हाका," म्हणाला. इथेच उतरव मला.

शाणूने त्याला ओळखले नाही. जुने शहर अजून बरेच पुढे आहे, हे त्याला ठाऊक होते. ही घंटा कुठून आली हेही ठाऊक होते, त्यानेच तर ती आणली होती. पण माणूस म्हणतो उतरव, आणि आपली अर्धी वाट वाचते. त्याने काही विचारले नाही. होडी काठाला लावली, हात धरून त्याला उतरवले आणि होडी वळवली. आमच्या घराण्याची चूक म्हणाल तर एवढीच.

कायतान आवाजाच्या रोखाने चर्चपाशी गेला. पायऱ्यांशी राहणाऱ्या पियेदादचे घर कुठे, असे विचारत राहिला. तिथे सगळे नवे लोक. त्यांनी सांगितले, इथे अशी कोणी बाई नाही. ही घंटा का? ती जुन्या शहरातली. तिथली माणसे तापात मेली, तिथे आता कोणी राहत नाही. त्यांच्या बोलण्यात कपट नव्हते, त्यांना जे माहीत होते ते त्यांनी सांगितले. कायतान पायरीवर बसून राहिला. मग पाद्रीकडे जाऊन त्याने आईच्या आत्म्यासाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधला प्रार्थनाविधी, करवून घेतला. मेलेल्या माणसासाठी सावकाश टोले देतात, तसे त्या घंटेने पियेदादमायसाठी दिले. इकडे ती जिवंत बाई पायऱ्यांवर बसून मासे निवडत होती. दुपारच्या ओहोटीबरोबर कायतान दुसऱ्या कोणाच्या होडीतून जहाजावर परत गेला.

शाणूला हे दुसऱ्या दिवशी कळले. चर्चच्या झाडलोटीच्या माणसाने सहज सांगितले, एक आंधळा खलाशी आला होता, कोण्या पियेदादसाठी रडून गेला. शाणू तसाच होडी घेऊन समुद्राच्या तोंडापर्यंत गेला. जहाज गेले होते.

त्यानंतर आठ दिवस तो रोज तिच्यासाठी काहीतरी घेऊन पायऱ्यांशी यायचा. कधी मासळी, कधी नारळ. ठेवायचा आणि न बोलता जायचा. नवव्या दिवशी त्याने सगळे सांगून टाकले. ती रडली नाही म्हणे. तिने विचारले, "तो तुज्या व्हड्यांत बसलो? जेविल्लो?" तुझ्या होडीत बसला होता? जेवला होता? शाणूला ते माहीत नव्हते. त्याने तेही विचारलेले नव्हते.

नव्या चर्चच्या पाद्रीला हे कळले तेव्हा त्याचाही जीव गलबलला. त्याने घंटा परत पाठवली, पुन्हा शाणूच्याच होडीतून. घंटा वर चढली. लोकांना वाटले, म्हातारी आता दिवसरात्र वाजवील. तिने वर जाऊन पहिले काम काय केले, तर आतली जीभ काढून शाणूच्या हातात दिली आणि नदीत टाकायला सांगितली. कोणी म्हणतात त्याने ती टाकली, कोणी म्हणतात त्याने होडीला नांगर म्हणून बांधली. मला विचाराल तर टाकली असणार. पियेदादमायचे म्हणणे असे, की कायतानच्या कानाला आता या घंटेचा अर्थ एकच आहे, आई मेली. तो पुन्हा कधी नदीतून आला आणि त्याने ही ऐकली तर तो वळून जाईल. म्हणून त्याला कळेपर्यंत ही घंटा बोलणार नाही, असा तिने सायबिणीसमोर नवस केला.

आणि घंटेचे काम तिने स्वतःच्या गळ्याकडे घेतले. रोज भरती लागली की पायऱ्यांवर उभी राहून खालच्या दिशेला ओरडायची, "कायताना, हांव जिती आसां!" मी जिवंत आहे. येणाऱ्या प्रत्येक होडीला ओरडायची. होड्या तरी किती येत होत्या? कधी आठवड्यात एक. पाण्यापलीकडे दिवाडी बेट, आणि अलीकडे सबंध राजधानीत माणसाचा एवढा एकच आवाज. असे तिने अकरा वर्षे केले.

ती गेली तेव्हा शाणूने आणि दोन पाद्रींनी तिला कपेलाच्या मागे पुरले. त्याच दिवशी भरती लागली आणि पायऱ्यांवरून हाक आली. होडीवाल्यांनी ती ऐकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. पाद्रींनी प्रार्थना केल्या, पाणी शिंपडले. नऊ दिवस हाक थांबली नाही, आणि लोक या वळणावरून होड्या न्यायला घाबरू लागले. दहाव्या दिवशी शाणू, आता तोही म्हातारा झालेला, एकटा पायऱ्यांवर आला. तो म्हणाला म्हणे, ती दमली आहे, कोणी तरी तिच्या हातातले काम घ्यायला हवे. त्याने खालच्या दिशेला तोंड केले आणि जन्मात पहिल्यांदा, कोणी विचारले नसताना, मोठ्याने बोलला, "कायताना, तुजी आवय जिती आसा!"

कायतान, तुझी आई जिवंत आहे. तिला पुरून दहा दिवस झाले होते. त्यानंतर पायऱ्यांवरचा आवाज कधी कोणी ऐकला नाही.

आजही सायबिणीच्या सणाला, लदीन म्हणजे लोकांची प्रार्थना आटोपली की सगळे पायऱ्यांशी येतात. खटखटे थांबते. आमच्या घराण्यातला एक जण, हिंदू असलो तरी आम्हीच, खालच्या दिशेला तोंड करून तीनदा हाक मारतो. प्रत्येक हाकेनंतर लोक गप्प उभे राहतात. एकदा एक नवीन पाद्री आले होते, त्यांना हे पटले नाही. सणाच्या दिवशी सायबिणीच्या दारात खोटे का बोलायचे, असे त्यांनी माझ्या वडिलांना विचारले. वडील म्हणाले, "मग ताका कोणें सांगचें, फादर?" त्याला सांगायचे कोणी? फादर पुढे सहा वर्षे इथे होते. दर सणाला तेही उभे राहायचे.

आता हाक मी मारतो. एका वर्षी माझी आई सणाच्या चार दिवस आधी गेली. घरात सुतक, चुलतभाऊ म्हणाला, या खेपेला मी जातो. मी ऐकले नाही. पायऱ्यांवर उभा राहिलो, कायतानला तीनदा सांगितले की तुझी आई जिवंत आहे, आणि शाणूला त्या दहाव्या दिवशी काय वाटले असेल ते मला तिथे कळले. मला फार एकटे वाटत होते. मग माझ्या तोंडून त्याच शब्दांची चौथी हाक गेली. ती कायतानला नव्हती, माझी मलाच होती. लोकांनी हाका मोजल्या असणार, पण ती हाक पाण्यावर विरेपर्यंत कोणी जागचे हलले नाही.